शिकून शिवलेली सीट

माझा थोरला भाऊ विलास गेला त्याला आज पाच आठवडे झाले. वहिनीचा फोन शाळेत आला तेव्हा मी चौथीच्या वर्गावर होते. शिपाईमामा दारात येऊन नुसते उभे राहिले, आणि मला कळलं. पन्हाळ्याहून खाली उतरताना एसटीत मी रडले नाही, दवाखान्यातही नाही. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या शोकसभेच्या दिवशी समाजमंदिरात मात्र, सगळ्या माणसांच्या देखत, माझ्या हातापायाला कापरं सुटलं. शेजारच्या बायकांना वाटलं भावाच्या आठवणीनं. एकीनं पाणी दिलं. मला पाणी नको होतं, मला माइक हवा होता.

त्या दिवशी एक मोठे गृहस्थ आले होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर हा मजकूर छापून येणार नाही एवढं मला कळतं. आपण त्यांना मालक म्हणू, कारण या हकिकतीत ते एका जुन्या पिकप गाडीचे मालक आहेत. पुढं ते बऱ्याच गोष्टींचे अध्यक्ष झाले. त्यांनी दादाच्या फोटोला हार घातला, माइक घेतला आणि म्हणाले, "विलास म्हणजे आमच्या घरचाच माणूस. आमच्या जुन्या पिकपची चामड्याची सीट त्यानं केली. इतकी वर्षं झाली, एक टाका हललेला न्हाय. असली कला शिकून येत न्हाय, ती रक्तातच असाय लागती." माणसांनी माना हलवल्या. दोन दिवसांनी पेपरात बातमी आली, दादाचा फोटो, आणि खाली 'चामड्याच्या कामाचा वारसा जपणारा कारागीर'. वारसा! पहिल्या रांगेत पांढरं पातळ नेसून, हात जोडून मी ते सगळं ऐकून घेतलं. त्या गप्प बसण्याचा राग मला अजून आहे, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. खरं काय घडलं ते एकदा सांगून टाकते.

आमच्या घरात चामडं येतच नव्हतं. कोल्हापुरात राहून आमच्या घरात कुणाच्या पायात कोल्हापुरी चप्पल नव्हती. डीएडला असताना बाहेरगावच्या मुली मला हसायच्या. आमचे वडील, आबा, मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलायचे. पायात टायरची चप्पल, कमरेला सुती करगोटा. आम्हाला शाळेला कॅनव्हासचे बूट. माझ्या नवऱ्याला लग्नात कुणीतरी चामड्याचा पट्टा आहेर केला, तो आबांनी मांडवातच परत दिला. याचं कारण आबा फार थोड्या शब्दांत सांगायचे. गावात मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम आमच्या आजोबांकडं होतं. छप्पन साली आजोबांनी धम्म घेतला आणि ते काम टाकलं. त्यानंतर एका घरचा बैल मेला. दोन दिवस गोठ्यात पडून राहिला. बोलावणं आलं, शिव्या आल्या, आजोबा उठले नाहीत. मग दुकानदार मीठ देईना, रानात कुणी कामाला घेईना, आणि आजोबा बायकापोरं घेऊन चालत कोल्हापूरला आले. आबा तेव्हा दहा वर्षांचे होते. "बापानं ते टाकलं म्हणून आपण माणूस झालो," एवढंच म्हणायचे, आणि पुढं विचारलं की विषय बदलायचे.

अशा घरातला दादा कुशनच्या कामाला गेला. दहावीनंतर शिकायची ऐपत नव्हती, आणि उद्यमनगरातल्या एका कुशनच्या दुकानात जागा होती. आबांनी आधी चौकशी केली, तिथं फक्त रेक्झिन आणि कापड आहे ना. होतं. दादानं सात-आठ वर्षांत काम असं उचललं की नव्वदच्या सुमाराला त्यानं स्वतःचा गाळा भाड्यानं घेतला. ट्रक, जीप, टेम्पो, रिक्षा. सीट खोलायची, खालच्या स्प्रिंगा ताणायच्या, कुजलेला काथ्या काढून फोम घालायचा, वर रेक्झिन ओढून शिवायचं. त्याची शिवण एका रेषेत असायची. एका कारखान्याकडच्या ऊसवाहतुकीच्या गाड्या वर्षानुवर्षं त्याच्याकडंच यायच्या, आणि त्या कामावर त्याचं घर चालायचं.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा सुमार असेल. मालकांनी निरोप धाडून दादाला गगनबावडा रोडवरच्या त्यांच्या गावी बोलावून घेतलं. त्यांच्या वडिलांच्या काळातली एक जुनी पिकप शेडमध्ये उभी होती. इंजिन दुरुस्तीला मिस्त्री लावलेला होता. पुढची अख्खी सीट अस्सल चामड्याची. दादा सांगायचा, चामडं इतकं वाळलं होतं की उन्हाळ्यात तळ्याच्या तळाला भेगा पडाव्यात तसं दिसत होतं. ड्रायव्हरच्या बाजूला स्प्रिंग वर आली होती आणि तिच्यावर पोतं घातलं होतं. मालक म्हणाले, होती तशी चामड्याचीच सीट पाहिजे. दादा म्हणाला, "मी रेक्झिनचं काम करतो. चामड्याचं न्हाय." त्यावर मालक हसले. "तुम्हा लोकांच्या हाताला चामडं नवीन हाय व्हय? रक्तातच असतंय की तुमच्या."

माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं, मी घरीच असायचे. दादानं संध्याकाळी हे मला सांगितलं तेव्हा मी म्हणाले, सोड ते काम. तो म्हणाला, "सोडणार न्हाय. मी त्याला सांगून आलोय, आमच्या घरात चामड्याला कोण हात लावत न्हाय, मला येत न्हाय, दोन म्हयनं द्या, शिकून करतो."

"पण कशाला दादा?"

"न्हाय म्हटलं तर म्हणंल, ह्याला जमत न्हाय. गुमान करून दिलं तर म्हणंल, रक्तात हाय. म्हणून त्याच्या तोंडावर सांगितलं, शिकतोय. येत न्हवतं ते शिकलोय, हे त्याला कळाय पाहिजे."

दोन महिने तो शिकत होता. चप्पल लाइनीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडं, बापूंकडं, रोज दुपारी जायचा. गावाच्या लेखी बापू आणि आम्ही एकाच पायरीवरचे, तरी बापूंच्या घरी पहिल्या दिवशी त्याला पाण्याचं वेगळं भांडं पुढं केलं गेलं. दादानं तहान नाही म्हणून सांगितलं, आणि पुढं बरेच दिवस तहान लागली तरी तो तिथं प्यायला नाही. एक दिवस बापूंनीच आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून त्याच्यापुढं सरकवला, "घे रं, लई ताणू नगोस." अशी सगळी आपली माणसं... पण बापूंनी शिकवलं ते हातचं राखून नाही. पाठीचं चामडं घट्ट असतं, ते बसायच्या जागी लावायचं. पोटाकडचं ताणतं, ते कडेला घ्यायचं. मेण लावलेला दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना सुया, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी ओढायचा, म्हणजे एक टाका तुटला तरी पुढचा उसवत नाही. दादाच्या हाताला चामडं टोचायची आरी लागून लागून भोकं पडली होती. जुन्या सीटचं चामडं त्यानं टाका टाका करून उसवलं, तुकडे वर्तमानपत्रावर मांडले आणि त्यांच्यावरून माप काढलं. फाडलं असतं तर एका तासाचं काम होतं. त्याला दोन दिवस लागले.

आबांना वासावरून कळलं. दादा जेवायला बसला होता, आबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी त्याचा हात धरला, नाकाशी नेला आणि खाली टाकला.

"कसला वास हाय ह्यो?"

"चामड्याचा हाय आबा. एक सीट करतोय."

"बापानं टाकलेलं तू उचललंस?"

"चामड्याला जात नसती आबा. मी कुणाच्या दारातलं ढोर वडत न्हाय. सांगून, शिकून काम करतोय."

"तुला जात दिसत न्हाय म्हणून ती गेली व्हय?" आबा उठले. "त्यांना काय दिसतंय ते बघ मग."

त्या दिवसापासून आबा त्याच्याशी बोलेनात. एका खोलीत राहून दोन महिने दोघं माझ्यामार्फत, वहिनीमार्फत बोलायचे. मला तेव्हा आबांचा राग आला होता. आज वाटतं, त्या घरात पुढचं दिसणारे एकटे तेच होते.

सीट तयार झाली. तांबूस रंगाची, कडेला गोल पायपिंग, हात फिरवला तर टाचणीएवढासुद्धा उंचवटा लागत नव्हता. माझी दसऱ्याची सुट्टी होती. दादा म्हणाला, "चल बघायला, एवढं काम केलंय." आम्ही दोघं टेम्पोतून सीट घेऊन गेलो. मालकांच्या मोठ्या अंगणात पिकप धुऊन उभी होती. दादानं बोल्ट आवळून सीट बसवली. मालकांनी हात फिरवला आणि खरोखर खूश झाले. "झक्कास!" म्हणाले. मग गाडीची पूजा. त्यांच्या आईनं बॉनेटला हळदकुंकू लावलं, चाकांना लावलं, नारळ फोडला. इंजिन मिस्त्रीनं आठ दिवसांपूर्वी सगळं खोलून बसवलं होतं, तो तिथंच हात पुसत उभा होता. मग त्या बाईंनी आतून तांब्या आणला. त्यात गोमूत्र होतं. गाडीचं दार उघडून त्यांनी ते सीटवर शिंपडलं. बसायच्या जागी, पाठीच्या जागी, दोन-तीनदा. इंजिनावर नाही, चाकावर नाही, स्टिअरिंगवरसुद्धा नाही. फक्त सीटवर. जी सीट माझ्या भावाच्या हातची होती.

ढोराच्या कातड्याला ढोराचं मूत शिंपडून माणसाचा विटाळ काढत होत्या त्या. मी नंतर दादाच्या नकळत जवळच्या चौघा-पाचजणांना हे सांगितलं. कुणी म्हणालं, नव्या वस्तूवर शिंपडतातच. कुणी म्हणालं, म्हाताऱ्या बाईचं काय मनावर घ्यायचं. माझ्या स्वतःच्या नवऱ्यानं विचारलं, नक्की फक्त सीटवरच शिंपडलं का, नीट आठव. मला नीट आठवतं. मी चार हातांवर उभी होते.

मी दादाकडं बघितलं. वाटलं, आता हा पाना उचलणार किंवा मान खाली घालून निघणार. त्यानं हातातला फडका घडी करून खिशात ठेवला, पिकपला वळसा घातला, दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि सीटवर मधोमध जाऊन बसला. मळकी विजार, रेक्झिन चिकटवायच्या सोल्युशनचे डाग, तसाच. मग मला म्हणाला, "शोभे, ये. बस."

मी बसले. सीट ओली होती. पातळातून ओल अंगाला लागली. ती मी आजही विसरलेले नाही.

दादा मोठ्यानं म्हणाला, "मालक, चला. टेम्पो परत गेलाय. आम्हाला कोल्हापुरात सोडा."

"आत्ता? दुसरी गाडी काढतो की," मालक म्हणाले.

"दुसरी नको. सीट कशी झालीया ते कारागिरानं बसून बघाय लागतंय. चालवा तुम्ही."

बाई काहीतरी बोलायला लागल्या, पण मालकांनी हातानं थांबवलं. चार माणसं बघत होती, मिस्त्री बघत होता. ते आले, स्टिअरिंगला बसले. तीन माणसं एका सीटवर, मालकांचा खांदा दादाच्या खांद्याला लागलेला. गाडी गावातून निघाली. देवळासमोरून, तालमीसमोरून, दुधाच्या डेअरीसमोरून. माणसं हात करत होती आणि हात अर्धाच वर राहत होता. कळे गाव मागं पडलं. बालिंग्याच्या पुलावर मालक म्हणाले, "कारागीर, गैरसमज करून घेऊ नका. आई जुन्या वळणाची हाय."

दादा म्हणाला, "मग इंजनावर का न्हाय शिंपडलं?"

मालकांनी गिअर बदलला.

फुलेवाडीच्या नाक्यावर दादानं गाडी थांबवायला सांगितली. मला उतरवलं, स्वतः उतरला, दार नीट लावलं आणि खिडकीतून वाकून म्हणाला, "सीट मस्त झालीया, दणका बसत न्हाय. घरला गेलासा की परत शिंपडाय सांगा आईंना. आता आम्ही बसलोय नव्हं."

आम्ही नाक्यापासून चालत आलो. दादा वाटेत हसत होता. मला हसू येत नव्हतं. घरी आल्यावर मी सगळं आबांना सांगितलं. आबांनी एकच विचारलं, "बसला?"

"बसला. मला पण बसवलं."

आबांनी एक पाट पुढं ओढला. मग वहिनीला म्हणाले, "वाढ त्याला." आणि दादाला, दोन महिन्यांनंतर पहिल्यांदा, "तरीबी चामड्याला हात लावाय नको होतास." दादा म्हणाला, "बरं." त्यांचं भांडण तसंच राहिलं. आबा जाईपर्यंत दोघंही आपापल्या जागी ठाम होते, पण एका ताटात जेवायचे.

जे व्हायचं होतं ते झालं. कुणी येऊन धमकी दिली नाही, कुणी हात उचलला नाही. तसं झालं असतं तर पोलिसात तरी जाता आलं असतं. ऊसवाहतुकीच्या गाड्या त्या हंगामापासून यायच्या बंद झाल्या, त्या कारखान्यावर मालकांचा शब्द चालायचा. विचारलं की ड्रायव्हर म्हणायचे, "आम्हाला दुसरीकडं जायाला सांगितलंय, विलासराव." गाळ्याच्या मालकाला एकाएकी आपल्या पुतण्यासाठी गाळा हवासा झाला. एका वर्षाच्या आत दादा उद्यमनगर सोडून शिरोली एमआयडीसीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये गेला. तिथं लांबच्या पल्ल्याचे ट्रक थांबायचे. त्यांच्या ड्रायव्हरांना त्याची जात माहीत नव्हती आणि पडलेलीही नव्हती. काम मिळालं. पण पत्र्याचं शेड, वारा नाही, आणि दिवसभर सोल्युशनचा वास. दहा वर्षं. खोकला लागला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, काम कुठं करता, खिडक्या आहेत का? दादा म्हणाला, "हायत की, दोन. एकीत मशीन बसलंय." फुफ्फुसं गेली होती. अठ्ठेचाळीसावं वर्ष पुरं झालं नव्हतं.

मला दादाचाही राग येतो. त्यानं ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही, मलाही उघडपणे सांगू दिली नाही. मी चिडून विषय काढला की म्हणायचा, "त्यात काय सांगायचं शोभे, गाडी कवाच फुडं गेली." गेली, दादा, फुडं गेली. इतकी फुडं गेली की तुझ्या फोटोला हार घालायला आली, आणि जे तू आरी टोचून घेत दोन महिने शिकलास ते तुझ्या रक्तात होतं म्हणून सांगून गेली. समाजमंदिरातल्या पोरांना वाटलं, केवढा मोठा माणूस आपल्यासाठी आला. ती पोरं तेव्हा जन्मली तरी होती का! त्यांना कोण सांगणार? मी गप्प बसले तर कुणीच नाही.

गेल्या रविवारी मी शिरोलीला शेडवर गेले. वहिनी आता शेड चालवते. पंधरा वर्षं दादाच्या शेजारी बसून तिनं पायपिंग शिवलं आहे, काम तिला येतं. मी तिला म्हणाले, पत्र्याला आणखी एखादी खिडकी पाडून घे आधी, पैसे मी देते. ती म्हणाली, "पाडूया. पण त्या भिंतीला नगं." पलीकडच्या अख्ख्या पत्र्यावर दादानं शिंप्याच्या खडूनं लिहून ठेवलं होतं. गाडीचा नंबर, सीटचं माप, आणि पुढं ड्रायव्हरबद्दल दोन शब्द. 'डावी कंबर दुखते, डावीकडं फोम जास्त.' 'उंची कमी, पुढं दोन इंच.' 'मूळव्याध, मधे पोकळ.' 'पाय आखडतो, कड मऊ.' असे शे-दीडशे ड्रायव्हर. वहीत का लिहिलं नाही विचारलं, तर वहिनी म्हणाली, वही हरवती, पत्रा कुठं जातोय.

मी पिशवीतून शाळेची वही काढली आणि एका कडेपासून उतरवून घ्यायला लागले. खडू काही ठिकाणी पुसट झाला होता. तेवढ्यात हायवेवरून एक ट्रक आत आला. तमिळ की कन्नड बोलणारा, पन्नाशीचा ड्रायव्हर. त्याला दादा गेल्याचं माहीत नव्हतं. वहिनीनं फोटोकडं बोट दाखवलं. तो फोटोसमोर उभा राहिला, पायातली चप्पल काढली, हात जोडले. मग पत्र्याजवळ गेला, वाकून वाकून शोधलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ये मेरा है," तो म्हणाला. "पीठ का. ऐसाच करना."

वहिनीनं ओळ वाचली आणि फोम कापायला घेतला.